अकरावीचे विषय निवडताना: आधी सहा विषय, मग कॉलेज

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की भांडुपच्या आमच्या वसाहतीतली चार-पाच मुलं आईबाबांना घेऊन घरी येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "ताई, एवढे टक्के आहेत, कुठलं कॉलेज मिळेल?" विषय कोणते घेणार असं मी विचारते. उत्तर येतं, "सायन्स." सायन्स ही शाखा झाली. बारावीच्या गुणपत्रिकेवर सहा विषय छापून येतात, आणि पुढच्या प्रवेशाच्या वेळी त्या सहांपैकी कोणते आहेत आणि कोणते नाहीत हेच पाहिलं जातं.

मुंबईत हा निर्णय बहुतेक घरांत उलट्या क्रमाने होतो. आधी टक्के बघतात, मग कॉलेजचं नाव ठरतं, शाखा ओघाने येते आणि विषय प्रवेशाच्या दिवशी खिडकीपाशी उभं राहून लिहिले जातात. माझंही असंच झालं. २०१८ मध्ये मी कॉमर्सला प्रवेश घेतला. खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, "मॅथ्स की एसपी?" एसपी म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस. मागे लांब रांग होती, बाबांना बेस्टच्या डेपोत दुपारच्या ड्युटीवर पोचायचं होतं आणि शेजारच्या मैत्रिणीने एसपी लिहिलं होतं. मीही एसपी लिहिलं. बारावीनंतर बीएस्सी आयटी करावंसं वाटलं तेव्हा समजलं की त्याला बारावीत गणित लागतं. पुढे सीए फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला बसले तेव्हा क्वांटिटेटिव्ह अॅप्टिट्यूडच्या पेपरात पहिल्या वेळी नापास झाले. मग अकरावीचं गणिताचं पुस्तक आणून पहिल्या पानापासून शिकले. खिडकीपाशी एक मिनिटात केलेली निवड भरून काढायला मला वर्ष लागलं.

म्हणून पुढचे टप्पे क्रमानेच करा. पहिले तीन टप्पे बहुतांशी निकाल लागण्याआधीच, एप्रिल-मे महिन्यात उरकता येतात आणि खरं काम त्यांच्यातच आहे.

टप्पा १: कोणत्या विषयाने कोणतं दार उघडतं ते कागदावर लिहा

एक कोरा कागद घ्या. बारावीनंतर करावेसे वाटणारे तीन-चार अभ्यासक्रम डाव्या बाजूला लिहा. सोळाव्या वर्षी एकच नक्की सांगता येत नाही, म्हणून तीन-चार. प्रत्येकासमोर बारावीत कोणता विषय असलाच पाहिजे ते लिहा. हे क्लासच्या जाहिरातीवरून लिहू नका. त्या त्या प्रवेश परीक्षेच्या किंवा विद्यापीठाच्या माहितीपत्रकात 'पात्रता' नावाचा भाग असतो, तो वाचून लिहा.

मुंबईतल्या मुलांना सर्वांत जास्त लागणाऱ्या अटी अशा आहेत.

इंजिनिअरिंगसाठी महाराष्ट्रात फिजिक्स आणि मॅथ्स लागतातच. तिसरा विषय बहुतेक जण केमिस्ट्री ठेवतात. खुल्या प्रवर्गाला या विषयांत मिळून ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात, शिवाय एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा असते. जेईई या देशपातळीवरच्या परीक्षेतून एनआयटी किंवा आयआयटीला जायचं असेल तर बारावीत ७५ टक्के, एससी-एसटीसाठी ६५ टक्के, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं आवश्यक आहे. "बोर्डाला काय महत्त्व आहे, जेईई बघ" असं सांगणारा कोणी भेटला तर ही अट लक्षात ठेवा.

मेडिकलसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत, आणि 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. गणिताची गरज नाही. बीफार्मला फिजिक्स आणि केमिस्ट्रीबरोबर मॅथ्स किंवा बायो यांपैकी एक चालतो. आर्किटेक्चरला फिजिक्स आणि मॅथ्स लागतात. मर्चंट नेव्हीत डेक किंवा इंजिन ऑफिसर व्हायचं असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये सरासरी ६० टक्के आणि इंग्रजीत ५० टक्के हवेत. इथे डोळ्यांची तपासणीही कडक असते. रंगांधळेपणा असेल तर तो रस्ता बंद होतो, म्हणून ती तपासणी अकरावीच्या आधीच करून घ्या.

बीएस्सी आयटी आणि बीएस्सी कॉम्प्युटर सायन्ससाठी बारावीत गणित लागतं. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सलाही गणित लागतं, आणि हे कॉमर्स-आर्ट्सच्या कितीतरी हुशार मुलांना उशिरा कळतं. सीएला कोणत्याही शाखेची अट नाही. पण फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी एक पेपर गणित, लॉजिकल रीझनिंग आणि स्टॅटिस्टिक्सचा आहे.

पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, पत्रकारिता, हॉटेल मॅनेजमेंट, बहुतेक डिझाइन आणि चित्रकलेचे अभ्यासक्रम यांना कोणतीही शाखा चालते. कोणत्याही शाखेतून पदवी घेऊन स्पर्धा परीक्षाही देता येतात. यांपैकी एखादीकडे जायचं असेल, तर "सगळी दारं उघडी राहतात" म्हणून सायन्स घेऊ नका. ते दार तुमच्यासाठी आधीच उघडं आहे.

*तपासणी:* कागदाची उजवी बाजू वाचा. तिथे गणित एकदाही आलं असेल, तर गणित सोडण्याआधी घरात नीट बसून बोला. बायोचंही तसंच. एकही विषय सक्तीचा दिसत नसेल, तर आवडीप्रमाणे निवडा, कोणी अडवणार नाही.

टप्पा २: विषय चाखून बघा

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा हाच आहे.

दहावीचे गुण बघून अकरावीचे विषय ठरवणं फसवं असतं. एसएससीत सहा विषयांपैकी चांगल्या पाचांचीच टक्केवारी काढतात. गणितात ५८ असतील आणि बाकीच्या पाचांत नव्वदच्या वर, तरी गुणपत्रिकेवर नव्वदच दिसतात आणि घरात सगळे म्हणतात, "एवढे टक्के आहेत, सायन्सच घे." म्हणून टक्केवारी झाका आणि सहा आकडे सुटे सुटे वाचा. त्यातला आकडा चांगला असला तरी स्वतःला विचारा: हे समजून मिळाले, की त्याच त्याच प्रश्नपत्रिका दहा वेळा सोडवून?

खरी परीक्षा अशी घ्या. बालभारतीची अकरावीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, नाहीतर वरच्या वर्गातल्या एखाद्या ताई-दादाकडून मागून आणा. विचारात असलेल्या प्रत्येक विषयाचं एकच प्रकरण घ्या आणि त्याला दोन-तीन दिवस द्या. प्रकरण कोणतं हे महत्त्वाचं आहे, कारण पहिलं प्रकरण बहुधा सोपं असतं.

फिजिक्ससाठी पहिलं 'युनिट्स अँड मेझरमेंट' सोडून दुसरं 'मॅथेमॅटिकल मेथड्स' घ्या. व्हेक्टर आणि कॅल्क्युलसची ओळख त्यात आहे, आणि पुढची दोन वर्षं फिजिक्स या भाषेत बोलतं. बायो घेऊन मॅथ्स सोडणाऱ्यांनी तर हे प्रकरण बघितलंच पाहिजे, कारण मॅथ्स सोडलं तरी ते तुमच्याबरोबर राहणार आहे. बीकेसाठी, म्हणजे बुक-कीपिंगसाठी, 'जर्नल'चं प्रकरण घ्या. दहा व्यवहारांच्या नोंदी करा. कोणाच्या नावे आणि कोणाकडे जमा, हे कोडं सोडवताना वेळ कसा गेला ते कळलं नाही, तर कॉमर्स तुमचं आहे. कॉमर्सचं मॅथ्स घ्यावं की नाही हे ठरवायला भाग १ मधलं 'फंक्शन्स' आणि भाग २ मधलं 'परम्युटेशन्स अँड कॉम्बिनेशन्स' पुरेसं आहे. आर्ट्सच्या मुलांनी सायकॉलॉजी, पॉलिटिकल सायन्स किंवा इकॉनॉमिक्सचं एक प्रकरण वाचावं आणि मग पुस्तक मिटून दोन पानं आपल्या शब्दांत लिहावीत. आर्ट्समध्ये वाचून आवडणं पुरत नाही, लिहिता यावं लागतं.

प्रकरण एका बैठकीत समजणं अपेक्षित नाही. स्वतःकडे बघायचं ते एवढ्याचसाठी: अडल्यावर पुन्हा त्या पानाकडे जावंसं वाटलं, की पुस्तक उचलतानाच जीवावर आलं?

*धोका:* "अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष" हे ऐकून पुस्तक बाजूला ठेवू नका. एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात, आणि बारावीचं फिजिक्स-मॅथ्स अकरावीच्या पायावर उभं असतं.

*मराठी माध्यमातून येणाऱ्यांसाठी.* मुंबईत सायन्स आणि कॉमर्सचं शिकवणं बहुतेक कॉलेजांत इंग्रजीतून होतं. सेमी-इंग्रजीवाल्यांना निदान गणित-विज्ञानाचे शब्द ओळखीचे असतात. पूर्ण मराठी माध्यमातल्या मुलाला पहिल्या महिन्यात विषय अवघड वाटतो, पण बऱ्याचदा अवघड असतात ते शब्द. मी स्वतः मराठी माध्यमातली आहे. 'नावे' म्हणजे डेबिट आणि 'जमा' म्हणजे क्रेडिट हे पक्कं डोक्यात बसायला मला गणपती उजाडले. तोपर्यंत वर्गात मी प्रश्न विचारायलाच घाबरत होते. असं होऊ देऊ नका. मे महिन्यात एक वही करा, प्रत्येक विषयाचे शंभरेक शब्द मराठीत आणि इंग्रजीत समोरासमोर लिहा: बल–फोर्स, त्वरण–अॅक्सिलरेशन, पेशी–सेल, मागणी–डिमांड, घसारा–डेप्रिसिएशन. दहावीची मराठी आणि इंग्रजी माध्यमाची पुस्तकं शेजारी ठेवली की ही वही आठ दिवसांत होते. आणि निव्वळ इंग्रजीच्या धास्तीने शाखा बदलू नका. भाषेची अडचण काही महिन्यांची असते, पण सुरुवातीची मुदत गेली की शाखा दोन वर्षं बदलता येत नाही.

टप्पा ३: सहा विषय पक्के करा

बारावीची परीक्षा ६०० गुणांची, म्हणजे सहा विषय प्रत्येकी १००. भाषा आणि मॅथ्सला ८० गुण लेखीचे आणि २० अंतर्गत, तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोला ७० लेखीचे आणि ३० प्रॅक्टिकलचे. इंग्रजी सगळ्यांना सक्तीची. उरलेल्या पाच जागा भरायच्या.

*सायन्स.* दुसरी भाषा किंवा आयटी, फिजिक्स, केमिस्ट्री एवढं झालं की दोन जागा उरतात. बहुतेक मुलं तिथे मॅथ्स आणि बायो दोन्ही लिहितात, म्हणजे "दोन्ही दारं उघडी". इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सहावा विषय कोणता तरी घ्यावाच लागतो, म्हणून बायो सोडल्याने विषय कमी होत नाही, त्याच्या जागी जिऑग्राफीसारखा दुसरा येतो. प्रश्न "तीन घेऊ की चार" असा नसून "सहाव्या जागी काय" असा आहे. इंजिनिअरिंग की मेडिकल हे टप्पा २ नंतरही खरोखर ठरत नसेल, तर दोन्ही ठेवा, त्यात काही चूक नाही. पण कागदावर मेडिकलचा मागमूस नसताना फक्त शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून बायो घेतलं, तर प्रॅक्टिकल, प्रयोगवही आणि पाठांतर यांचा भार जेईई-सीईटीच्या वेळेतून कापला जातो. उलट बाजूने, नीटची तयारी करणाऱ्याने मॅथ्स सोडलं तर वेळ वाचतो, पण इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, बीएस्सी आयटी हे सगळं एकदम बंद होतं. नीटमध्ये हवे तेवढे गुण मिळाले नाहीत तर दुसरा रस्ता कोणता, हे आधी लिहा आणि मगच मॅथ्स सोडा.

*द्विलक्षी, म्हणजे बायफोकल.* कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स असे हे विषय २०० गुणांचे असतात आणि सामान्यतः दुसरी भाषा व बायो या दोन्हींची जागा घेतात. इंजिनिअरिंगकडे नक्की जाणाऱ्याला हा पर्याय चांगला आहे. पण जागा मोजक्या असतात आणि सायन्सला प्रवेश मिळाला म्हणजे बायफोकल मिळालं असं होत नाही. कॉलेजात त्याची वेगळी चौकशी करावी लागते, फी वेगळी असते.

*धोका:* आयटी, कॉम्प्युटर सायन्स आणि गणित या तीन गोष्टींची फार सरमिसळ होते. आयटी हा १०० गुणांचा विषय, बहुधा दुसऱ्या भाषेऐवजी घेतला जातो. त्यात वेब डिझाइन, जावास्क्रिप्ट असा अभ्यास असतो आणि परीक्षा संगणकावर होते. कॉम्प्युटर सायन्स हा २०० गुणांचा बायफोकल विषय आहे. आणि बीएस्सी आयटीच्या प्रवेशाला बारावीचं आयटी विचारत नाहीत, गणित विचारतात. "बारावीला आयटी होतं, तरी बीएस्सी आयटीला का घेत नाहीत?" असं विचारत रडवेली झालेली मुलगी मी पाहिली आहे. तिला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

*कॉमर्स.* दुसरी भाषा किंवा आयटी, इकॉनॉमिक्स, बीके, ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स) एवढं ठरलेलं असतं. खरी निवड शेवटच्या जागेची: मॅथ्स की एसपी. सेक्रेटेरियल प्रॅक्टिस हा वाचून, समजून, पत्रलेखनासकट तयार करायचा विषय आहे, आणि त्यात मन लावलं तर चांगले गुण मिळतात. कंपनी सेक्रेटरीकडे जाणाऱ्याला तो उपयोगी पडतो. पण एसपी नसल्यामुळे कोणतं दार बंद झालं असं मी अजून पाहिलेलं नाही, आणि मॅथ्स नसल्यामुळे बंद झालेली दारं वर लिहिलीच आहेत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: टप्पा २ मधली प्रकरणं जेमतेम जरी जमली तरी मॅथ्स घ्या. अगदीच जमली नाहीत, दहावीतही गणिताने रडवलं असेल, तर मात्र एसपी घ्या आणि मन मोकळं ठेवा. बीकॉम, बीएमएस, अकाउंटिंग अँड फायनान्स यांपैकी कशालाही बारावीचं गणित सक्तीचं नाही.

*आर्ट्स.* इथे निवड सर्वांत मोकळी आणि सर्वांत जास्त कॉलेजवर अवलंबून असते. सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, पॉलिटिकल सायन्स, इकॉनॉमिक्स, हिस्टरी, जिऑग्राफी, लॉजिक ही बोर्डाची यादी लांब असते, पण कॉलेज त्यातले ठरावीक गटच देतं. सायकॉलॉजीसाठी आर्ट्सला आलेल्या मुलीला "तो गट भरला" असं ऐकावं लागू शकतं. आर्ट्समध्ये मराठी माध्यमातून शिकण्याची सोयही काही कॉलेजांत आहे, ती विचारून घ्या.

दहावीनंतर थेट डिप्लोमा करायचा विचार असेल तर तो याच टप्प्यावर ठरवा. पॉलिटेक्निकची तीन वर्षं झाल्यावर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. त्याची प्रवेशप्रक्रिया अकरावीहून वेगळी आणि त्याच सुमारास असते, म्हणून तारखांवर नजर ठेवा.

*तपासणी:* सहा विषय एका चिठ्ठीवर लिहा. त्याखाली लिहा: "सहावा विषय मिळाला नाही तर..." आणि दुसरा पर्याय. ही चिठ्ठी शेवटपर्यंत बरोबर ठेवायची आहे.

टप्पा ४: हे विषय देणारं कॉलेज शोधा

आता कॉलेजची नावं काढा. माटुंग्याच्या पोदारला फक्त कॉमर्स आहे, तिथून चालत जाण्याच्या अंतरावरच्या रुईयात आर्ट्स आणि सायन्स, पार्ल्याच्या डहाणूकरला कॉमर्स, तर रुपारेल आणि साठ्येला तिन्ही शाखा आहेत. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण आपल्याला शाखेच्या पुढचं हवं आहे. कॉलेजच्या संकेतस्थळावर माहितीपत्रक बघा किंवा स्वतः जाऊन चार प्रश्न विचारा: माझे सहाही विषय एकत्र घेता येतात का? आयटी किंवा बायफोकलच्या जागा किती आणि त्या कशावर देतात? त्याची वेगळी फी किती? प्रवेशानंतर विषय बदलायचा झाला तर मुदत किती दिवसांची?

मग कोड बघा, पसंतीक्रमात कॉलेज त्यावरूनच ओळखलं जातं. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेला दोन-तीन कोड असू शकतात: अनुदानित वेगळा, विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित वेगळा, माध्यमाप्रमाणे वेगळा. अनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकडीच्या फीमध्ये मोठी तफावत असते. गेल्या वर्षीचा कटऑफ, म्हणजे शेवटचा प्रवेश किती टक्क्यांवर झाला ते बघताना तुमचाच कोड, तुमचाच प्रवर्ग आणि कितवी फेरी हे तिन्ही जुळवून बघा. तिसऱ्या फेरीचा कटऑफ पहिल्या फेरीचा समजून अनेक जण चुकीचा अंदाज बांधतात.

प्रवासाचा हिशेब कागदावर नको, प्रत्यक्ष करा. सकाळी सातच्या कॉलेजसाठी जी लोकल धरावी लागेल ती एकदा धरून बघा, कॉलेजच्या फाटकापर्यंत जा आणि दुपारी परत या. मध्ये दादर किंवा कुर्ल्याला गाडी बदलायची असेल तर जिन्यावरच्या गर्दीचा वेळही धरा. सायन्सवाल्यांची प्रॅक्टिकल आणि नंतरचा क्लास धरून घरी किती वाजतील ते लिहा. रोज जाऊन-येऊन तीन तास लागत असतील तर नामांकित कॉलेजचा फायदा त्या तीन तासांत संपतो, असं मला अनुभवाने वाटतं. दरवाजात उभं राहून वाचता येत नाही.

*धोका:* "फक्त नाव आमच्याकडे लावा, यायची गरज नाही, क्लासच सगळं बघेल" असं सांगणाऱ्या जागी सही करण्याआधी हजेरी, प्रॅक्टिकल आणि पूर्ण फी यांची लेखी माहिती मागा. नियमाने ७५ टक्के हजेरी लागते. प्रॅक्टिकलचे ३० गुण हात न लावता मिळाले, तरी पुढे इंजिनिअरिंग-मेडिकलच्या प्रयोगशाळेत ती उणीव उघडी पडते.

टप्पा ५: अर्जाचा पहिला भाग आणि कागदपत्रं

मुंबई महानगर क्षेत्रात २००९ पासून प्रवेश ऑनलाइन होतात, आणि २०२५-२६ पासून ही पद्धत सगळ्या राज्यात आली. अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्यात स्वतःची माहिती, गुण, प्रवर्ग आणि कागदपत्रं, दुसऱ्यात पसंतीक्रम.

पहिल्या भागातल्या चुका किरकोळ दिसतात पण महाग पडतात. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार यांवरच्या नावाचं स्पेलिंग जुळतंय का बघा. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, ईडब्ल्यूएस ही प्रमाणपत्रं मिळायला वेळ लागतो, आणि निकालानंतर सेतू केंद्रांत व 'आपले सरकार'वर एकाच वेळी झुंबड उडते. दहावीची परीक्षा संपली की दुसऱ्याच आठवड्यात या प्रमाणपत्रांसाठी अर्ज करा आणि पोचपावती जपून ठेवा. राखीव प्रवर्ग निवडला पण प्रमाणपत्र वेळेत दाखवता आलं नाही, तर मिळालेली जागा हातची जाऊ शकते.

कोटा लागू होतो का तेही इथेच तपासा. संस्थांतर्गत १० टक्के, व्यवस्थापन ५ टक्के आणि अल्पसंख्याक संस्थांत त्या समाजासाठी ५० टक्के जागा असतात. ज्या शाळेतून दहावी झाली तिच्याच संस्थेचं कॉलेज असेल, तर संस्थांतर्गत कोट्याबद्दल शाळेतच विचारा.

*तपासणी:* लॉगिन आयडी, पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक हे तिन्ही घरातल्या माणसांकडे असावेत. सायबर कॅफेवाल्याच्या वहीत ते राहिले आणि फेरीच्या दिवशी दुकान बंद, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे.

टप्पा ६: पसंतीक्रम

एक ते दहा पर्याय भरता येतात. क्रम आवडीचा लावा, मिळण्याच्या शक्यतेचा नको. संगणक गुणवत्तेप्रमाणे तुमची यादी वरून खाली वाचत जातो. अवघड कॉलेज वर टाकल्यामुळे खालच्या कॉलेजसाठी तुमचा क्रमांक मागे जात नाही. पण एकच पर्याय भरून थांबू नका. दोन-तीन अवघड, चार-पाच आवाक्यातले आणि दोन नक्की मिळणारे, अशी मांडणी ठेवा. दहाही पर्यायांत टप्पा ३ चे विषय मिळतील एवढं मात्र बघा.

*धोका:* पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावं लागतं. म्हणून पहिल्या क्रमांकावर "बघू तर मिळतंय का" म्हणून काहीही लिहू नका. जिथे उद्या सकाळी जाऊन पैसे भरायची तयारी आहे, तेच कॉलेज तिथे लिहा. दोन ते दहामधलं मिळालं तर घ्यायचं की पुढच्या फेरीची वाट बघायची, हे तुम्ही ठरवता. प्रत्येक वर्षीच्या माहितीपत्रकात नियमांत थोडा बदल असतो, तो भाग पूर्ण वाचा.

अर्ज लॉक केल्याशिवाय तो धरला जात नाही. भरून ठेवला आणि लॉक करायचा राहिला, ही चूक दरवर्षी होते. लॉक झाल्यावर छापील प्रत काढा आणि कोड एकेक करून चिठ्ठीशी ताडून बघा.

टप्पा ७: खिडकीपाशी

प्रवेशाच्या दिवशी कॉलेज विषयांचा फॉर्म देतं. टप्पा ३ ची चिठ्ठी खिशातून काढा आणि तीच उतरवा. "आयटी भरलं", "बायोला जागा नाही" असं कोणी म्हणालं तर दुसरा पर्याय चिठ्ठीवर आहेच. चिठ्ठीबाहेरचा विषय सुचवला गेला तर नम्रपणे विचारा: "विचार करायला उद्यापर्यंत वेळ मिळेल का?" रांग असू द्या. मागच्याला पाच मिनिटं थांबावं लागेल, तुम्हाला दोन वर्षं बसायचं आहे. भरलेल्या फॉर्मचा फोटो काढा आणि फीच्या पावतीवर शाखा व तुकडी बरोबर आहे का तिथल्या तिथे वाचा.

टप्पा ८: पहिले सहा आठवडे

मिळालेला विषय झेपतोय का ते इथे ठरवायचं, बारावीत नव्हे. विषय किंवा शाखा बदलणं कॉलेजच्या मुदतीवर आणि रिकाम्या जागांवर अवलंबून असतं. टप्पा ४ मध्ये विचारलेली ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिच्या आठवडाभर आधी आईबाबांबरोबर बसा. पहिल्या चाचणीचे गुण एकटे पुरेसे नाहीत, पहिल्या चाचणीत पडझड बहुतेकांची होते. कोणता विषय रोज मागे ढकलला जातोय, कोणत्या विषयाच्या वहीत पानं कोरी आहेत, ते बघा. आणि मुलाने "मला बदलायचंय" म्हटलं तर आईबाबांनो, "फी भरलीये" हे पहिलं वाक्य नको. आधी कारण ऐकून घ्या.

बारावीत गेल्यावर बोर्डाचा परीक्षेचा अर्ज भरून घेतात, तो कॉलेज भरतं आणि तुमच्या हाती तपासायला एक प्रत येते. त्यावरचे सहा विषय आणि त्यांचे कोड वाचल्याशिवाय सही करू नका. कॉमर्सचं मॅथ्स आणि सायन्स-आर्ट्सचं मॅथ्स यांचे कोड वेगळे असतात. चूक दिसली तर त्याच दिवशी ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोचल्याचा शिक्का घ्या.